पंचनाम्यातली ओळ

कणकुंबीच्या वर, होळ्याच्या माळाखाली विमान पडलं
त्या रात्री माझ्या वाट्याला भाषा आली.
खानापूरच्या कचेरीत मराठी ऐकून
कन्नडमध्ये लिहिणारा मी एकटाच.
"होसूरकर, तुम्हीच बसा," कडकोळ साहेब म्हणाले.
इंग्रजी करायला सकाळी बेळगावहून माणूस येणार होता.

साक्षीदार एकच. धाकू वरक, गवळी धनगर,
वय त्याच्या अंदाजानं सत्तर, माझ्या अंदाजानं जास्त.
घोंगडीला जळक्या रबराचा वास.
चुकलेली रेडी शोधायला निघाला होता,
तर ढगातून ते आलं.

"नाक वर व्हतं वो," तो म्हणाला.
"म्हस पाण्यातनं मान वर काढती न्हवं, तसं.
आन् बसल्यागत खाली आलं.
पुढं जात न्हवतं. नुसतं बसत व्हतं."

माझं पेन थांबलं.
विमान मी पाहिलं होतं की,
सांबऱ्याला, कुंपणाबाहेरून, पोराला खांद्यावर घेऊन.
पडणारी वस्तू नाक वर करून पडते होय?
रात्रीचे अडीच वाजलेले. म्हातारा हादरलेला.
ताडपत्रीखाली पन्नास माणसं मोजून झालेली.
मी लिहिलं, कन्नडमध्ये, सुवाच्य अक्षरात:
विमान नाक खाली करून वेगाने कोसळले.

सकाळी त्याचं इंग्रजी झालं.
फायलीसाठी मराठी प्रत मीच केली,
कन्नडवरून.
तिन्ही कागद शब्दाला शब्द जुळले.
साहेब खूश. आमच्या भागात
तिन्ही जुळणं सहसा घडत नाही.

दीड वर्षानं अहवाल आला. जाडजूड.
सही करून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत उघडला.

वेग मोजणारी नळी असते, करंगळीएवढी.
ती तापवायचं एक बटण असतं.
सहवैमानिक यादी वाचत होता, सातवी ओळ झाली,
कुणीतरी विचारलं, चहा की कॉफी.
कॉफी म्हणाला, आणि नववीपासून पुढं वाचलं.

ढगात नळीचं तोंड बर्फानं बुजलं.
मग विमान चढेल तसा काटाही चढू लागला,
कोंडलेल्या हवेचा काटा, वाऱ्याशी संबंध तुटलेला.
फार पळतंय, कॅप्टन म्हणाला, नाक वर घे.
काटा आणखी चढला.
आणखी घे.
खरा वेग तोवर संपत आलेला.
दांडा थरथरून सांगू लागला,
तर म्हणाले, वेगानं हादरतंय.
समोर काटे दोन, मधे तिसरा,
तिघांचं एकमत.

नाक जमिनीला टेकेपर्यंत वर होतं.
असं छापलंय.

पुढं पान बेचाळीस, तळाशी, बारीक अक्षरात:
प्रत्यक्षदर्शीचा जबाब यंत्रांच्या नोंदीशी विसंगत,
सबब विचारात घेतलेला नाही.

डब्यातली भाकरी तशीच राहिली.

एक गोष्ट कुणी विचारली नाही, म्हणून सांगतो.
जबाबाखाली एक ओळ छापीलच असते,
'वाचून दाखवला, बरोबर असल्याचे कबूल.'
मी वाचून दाखवला होता.
कागद हातात धरून, बोट ओळीवर ठेवून,
पण म्हटलं ते त्याचंच वाक्य,
नाक वर, म्हशीसारखं, बसल्यागत.
तो मान हलवत राहिला, व्हय, व्हय,
आणि शाईत अंगठा बुडवून
माझ्या वाक्याखाली टेकवला.

रविवारी जांबोटीपर्यंत बसनं गेलो, पुढं एका दुधवाल्याच्या गाडीवरून.
धाकू अंगणात दावं वळत होता.
रेडी सापडली का, मी विचारलं.
"सापडली की. दुसऱ्या दिशी आपसूक आली."
मग मी म्हटलं, त्या रात्रीचं परत एकदा सांगता का.

त्यानं दावं खाली ठेवलं.
तोंडानं काही बोलला नाही.
तळहात धरला, बोटं आभाळाकडं,
आणि तसाच, न वळवता,
हळूहळू मांडीवर आणून बसवला.