इशारा: नेहमीचाच

विश्रामबागेत रियाज अत्तारच्या दुकानातून
सहा हजार दोनशेला उचलला.
साडेसहा म्हणत होता. चार्जरची वायर
एका जागी काळ्या पट्टीनं गुंडाळलेली, ती दाखवली
तसा तीनशेनं उतरला.
"विंडोज चालंल," म्हणाला, "पण म्हातारीनं घाट चढल्यागत."

तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माझी रात्रपाळी.
बेदाण्याचे पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स, छताला टेकलेले,
आणि दर दोन तासांनी वहीत आकडा:
चार अंश. चार अंश. साडेचार. चार.
एवढंच काम. बाकी रात्र माझी.

उघडला तर लॅपटॉप अजून तिचाच होता.
गोल चौकटीत दात पडलेली एक पोरगी, जीभ बाहेर,
खाली नाव: वसुंधरा लोकापुरे.
मी उगाच एक दोन तीन चार टाकलं.
चुकलं. तसा खाली इशारा आला:
नेहमीचाच.

नेहमीचाच!
जेवायला काय केलंय विचारल्यावर
आतून कुणी ओरडून सांगावं, तसं.
दोन रात्री मी त्या शब्दासमोर बसलो.
पोरीचं नाव असंल, स्कूटीचा नंबर,
माहेरच्या गावाला जाणाऱ्या गाडीची वेळ.
तिसऱ्या रात्री बोट उचललं आणि लाज वाटली,
परक्याच्या परड्यात उभं राहून
न्हाणीकडं कान लावल्यासारखी.

मग बाहुबली मगदूमनं पेनड्राइव्ह दिला,
सोबत खर्चाच्या वहीचा चिटोरा:
चालू करताना एफ बारा दाब.
फुकट आहे म्हणून हलकं समजू नको.
अडलास तर फोन कर, पण अकराच्या आत.

अडलो तेव्हा एक वाजला होता.
पडद्यावर सरळ विचारलेलं:
या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढं जायचं?
नेमका तेव्हाच कॉम्प्रेसर बंद पडला
आणि एवढ्या मोठ्या इमारतीत
त्या प्रश्नाला मीच एकटा.
आत वाढदिवस असतील. हप्त्यांचे तक्ते.
कुणाचा तरी अर्धा लिहिलेला राजीनामा.
तिनं विकला म्हणजे काढून घेतलं असंलच की.
घेतलं असंल का?

दाबलं.

पट्टी सरकत होती तोवर आत जाऊन बॉक्स बघून आलो.
आमच्या सावळजच्या शेडवर
चार किलो द्राक्षं जाळीवर टाकली की
पंधरा दिवसांनी किलोभर बेदाणा हातात येतो.
तीन किलो कुठं गेले, कुणी विचारत नाही.

परत आलो तर नवा पडदा. साधा, निळसर, रिकामा.
पंखा, जो गिरणीगत ओरडायचा, गप.
मी दोनदा कान लावून बघितलं, चालू आहे ना.
वाय-फाय मात्र ओळखच दाखवंना.
मोबाईल वायरीनं जोडला, काळी खिडकी उघडली,
चिटोऱ्यावरची ओळ बघून बघून टाइप केली.
पासवर्ड मागितला. मी टाकत गेलो
आणि समोर काहीच उमटंना, ठिपकासुद्धा नाही.
लाइट गेल्यावर चाचपडत कडी लावतो,
तसं. पण लागली.
वाय-फाय आजतागायत नाही. बाहुबली म्हणतो, चिपच हट्टी.

नाव विचारलं तेव्हा हणमंत सुतार लिहिलं.
इशारा काय ठेवू म्हणून शोधत बसलो,
तर इथं इशाऱ्याला जागाच नव्हती.
पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय,
मालक बघंल तर बघंल.

डाव्या तळहाताच्या जागी अर्धं खरवडलेलं फुलपाखरू आहे.
त्या पोरीनंच चिकटवलं असणार.
नख लावलं होतं, मग राहू दिलं.

सहा वाजता वहीत लिहिलं: चार अंश.
मग तेच लॅपटॉपवर, मागच्या महिन्यापासूनचं सगळं,
एकाखाली एक, उजाडेपर्यंत.
साडेचार दर मंगळवारी होतं.
वहीत कधी दिसलं नव्हतं.