डोळा कुठं लावायचा

तातोबा चौगुले, लॅब असिस्टंट,
दाढीच्या पात्यानं ऊस कापायचा.
काप इतका पातळ
की वॉचग्लासात हरवायचा.
आरसा खिडकीकडं वळवून
ऊन पकडायचा. "हं, बघ आता."

पहिल्यांदा मी
माझीच पापणी बघितली,
जर्नलात काढली,
बाण करून लिहिलं: तंतू.
तो हसला नाही. म्हणाला,
सगळ्यांचं हेच हुतंय.

आता विद्यापीठात
अंधाऱ्या खोलीत लेझर आहे.
रंकाळ्याच्या थेंबातलं हिरवं शेवाळ
पडद्यावर लाल पेटतं,
थराखालचा थर उघडतो
पातं न लावता.

तातोबाला मुद्दाम घेऊन गेले.
चष्मा कपाळावर सरकवून
यंत्राभोवती एक फेरी मारली त्यानं,
वाकून, हातानं चाचपत.
"झकास हाय. पण पोरी,
डोळा कुठं लावायचा?"