वजनकाटा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
हेल्दुरनं बर्फाला भोक पाडलं, आत पट्टी सोडली
आणि फोनवर म्हणाला, अठरा.
बावीस लागतात.
मी एक ओळ लिहिली :
समुद्रावरचा रस्ता आज बंद. कुणी निघू नका.
आणि बटण दाबलं.
फेब्रुवारीत, हिऊमा बेटावर, एवढंच माझं काम.

साडेसातला मेर्लेचा फोन, दुधाच्या गाडीवरून :
"उर्वे, रस्ता चालू ना? तुझं काही आलं नाही."

रांग उघडून बघितली.
तीनशे अठरा पत्रं
आपापली ओळ पोटाशी धरून उभी.

वाटलं, तार तुटली. तार शाबूत.
वाटलं, डिस्क भरली. जागा रगड.
सर्व्हर बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू,
जसं कुणीही करतं, काही सुचेनासं झालं की.
शेवटी नोंदी वाचायला बसले.
नोंदी म्हणजे माझी सासू :
एकच तक्रार, दर पाच मिनिटांनी, घड्याळ दाखवून.
जोडतोय. जोडतोय. उत्तर नाही. थांबतोय.

तोइवोच्या पत्त्यात एक टिंब कमी होतं.
तिकडून तोंडावर उत्तर आलं : असा कुणी इथं नाही.
अर्ध्या सेकंदात पत्र परत.
गेस्टहाउसची पेटी तुडुंब. तिनंही सांगितलं, जागा नाही.
नन्नाचा पाढा परवडला, बाई.
नाही म्हणणाऱ्याच्या दारात
कुणी ताटकळत नाही.

अडवत होता पलीकडच्या काठावरचा
मासे डबाबंद करायचा कारखाना.
नऊ वर्षांपूर्वी बंद पडला.
यंत्रं गेली, पत्रेसुद्धा उतरवून नेले,
पण नाव कुणीतरी भाड्यानं चालू ठेवलंय, कशासाठी देव जाणे.
दार वाजवलं की कडी निघते.
आत कुणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
आणि आमचा सर्व्हर जुन्या वळणाचा,
एकाचं निपटल्याशिवाय दुसऱ्याकडे बघायचा नाही.
पाच मिनिटं उभा राहतो, टोपी हातात घेऊन.
मग त्याच कारखान्यातला पुढचा.
असे सात.
सातवा संपतो तोवर पहिल्याची पुन्हा पाळी.

आठ वाजून पाच.
यादीत एकेक शोधत गेले.
एने, पॅकिंग.
रेइन, शीतगृह. हा आता फिनलंडला बस चालवतो.
लाइने, हिशेब.
कुणीतरी नुसताच "कार्यालय".
सालमे. हिला मी ओळखत होते का?
वाल्लो, रात्रपाळी.
आणि सातवा :
उर्वे, वजनकाटा.

खवल्यांचा वास आला एकदम, खोटं नाही सांगत.
थंड तराजू, बोटं सुन्न,
आणि कुणीतरी मागून ओरडतंय, उर्वे, किती?

म्हणजे नऊ हिवाळे
मी मलाच कळवत होते, रस्ता बंद आहे,
आणि मीच दाराआड गप्प.
आजवर कधी खोळंबा झाला नाही. कडी बहुधा कालच सैल झाली.

सहा खोडले.
सातव्यावर बोट जरा थांबलं. पाच मिनिटं नाही,
पण थांबलं.
पत्ता कट म्हणतात ना, तो असा.

तीनशे अकरा.
दोनशे नव्वद. दोनशे चार.
चहा ओतेपर्यंत चाळीस.
तोइवोचं टिंब त्याला परत दिलं.
मेर्लेनं कळवलं, गाडी वळवली, दूध गोठतंय.

आठ चाळीसला आब्राम.
यादीत सगळ्यात वरचा,
सर्व्हर उठला की पहिलं पत्र त्याला.
"तीन वेळा पाठवलंस," म्हणाला.
"म्हातारा झालोय, बहिरा नाही."
माफ करा, म्हटलं. कुठून बोलताय?
"काठावरून. इथं आल्यावर फोन बघितला.
गाडीत बसलोय, पट्टा सोडून."
बर्फावर जाताना पट्टा सोडतात आमच्याकडे,
गाडी बुडालीच तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून.

पट्टा लावा, म्हटलं. घरी जा.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मी धरून राहिले.
मग खट्ट
असा आवाज आला.