सुंभ

मुहर्रकमध्ये, विमानतळाच्या भिंतीपासून दोन गल्ल्या आत
आमच्या घराला बारा खोल्या आणि एकच दार.
त्याला आकड्यांचं कुलूप.
ज्यांच्यासाठी ते बसवलं
त्यांच्याकडे आकडेच उरले नाहीत.

सात नंबरमध्ये बू-दुऐज.
त्यांची फाइल उघडली तेव्हा मारिसेल सिस्टर म्हणाली,
होडेकर, नुसती औषधं लिहू नको, माणूस लिही.
म्हणून रकाने.
काय आवडतं. कशानं बिथरतात. हाक कशी मारायची.
लेकीनं फोनवर सांगितलं: चहात वेलची, साखर तीन चमचे,
आरसा झाकून ठेवा,
बाबा म्हणाल तर वळून बघणार नाहीत,
नोखदा म्हणा.

मला हसू आलं. आमच्याकडे नाखवा म्हणतात.

असरची बांग झाली की त्यांचं सुरू होतं.
वारा फिरला. माणसं कुठे गेली. भरती निघून चालली.
दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून
अख्खं घर वल्हवायला बघतात.
पहिला महिना आम्ही खरं सांगत होतो:
समुद्र तिथे नाही आता, भराव घातलाय,
भरावावर मॉल आहे, मॉलमध्ये बर्फ आहे.
त्यांनी माझ्या थोबाडीत दिली.
नोंदीत मी लिहिलं: भरावाचा विषय काढू नये.

मग चुलतभाऊ जयगडहून सुट्टी संपवून आला.
बॅगेत आमसुलं, कुळथाचं पीठ
आणि मी मागवलेली सुंभाची गुंडी.
कस्टमवाल्यानं दोनदा वास घेतला. हे कशाला?
आजारी माणसाला, म्हणाला हा.

बू-दुऐजनी ती नाकाला लावली.
बराच वेळ.
मग चमचा धरायचं विसरलेली ती बोटं
खुर्चीच्या पायापाशी गेली
आणि गाठ बसली, एका झटक्यात, न बघता.
मी म्हटलं, सुकाणू?
ते म्हणाले, सुक्कान.
मी म्हटलं, तांडेल, खलाशी, बंदर.
प्रत्येक शब्दाला मान हलली,
जसं कुणी हजेरी घेतंय आणि सगळे हजर आहेत.
माझं अरबी भाजी घेण्यापुरतं, त्यांचं मराठी शून्य.
खशब, त्यांनी विचारलं, लाकूड भरलं?
भरलं, नोखदा.
त्या संध्याकाळी मूठ कुणी हलवली नाही.

रात्री वहिनीचा फोन.
आई पुन्हा जेटीपाशी सापडली, पायात चप्पल नाही.
आता बाहेरून कडी लावतो, दुसरं काय करणार, तुम्हीच सांगा.

फाइलच्या शेवटी एक कोरा फॉर्म होता.
त्यावर लिहिलं: जुलेखा इस्माईल होडेकर.
काय आवडतं.
कशानं बिथरते.
अठरा वर्षं झाली मला इथे.
साखर किती घेते तेही वहिनीलाच विचारलं.
ती म्हणाली, डायबिटीस आहे ना, बंद केलीय
तीन वर्षं झाली. तुम्हाला कळवलं होतं.

एकच रकाना भरता आला.
हाताला काय लागतं: काथ्या.
ओटीवर बसून ती सुंभ वळायची,
मांडीचा तेवढा भाग घासून घासून गुळगुळीत,
मी तिथे डोकं ठेवून निजायचो
आणि केसांत तूस भरायचं.

दोर रात्री खोलीत ठेवायचा नाही असा नियम आहे.
पाळी संपताना मी गाठी सोडवतो.
आज एक काही केल्या सुटेना.
सुंभ जळलं तरी पीळ जात नाही,
आमच्याकडे हा टोमणा आहे, हट्टी माणसाला मारायचा.
कात्री हातात घेतली होती.

शेवटची नोंद, पहाटे पाच दहा:
सात नंबर शांत झोपले आहेत.
खुर्चीच्या डाव्या पायाला एक गाठ आहे.
सकाळच्या पाळीनं ती सोडवू नये.