घरपट्टीसोबत आलेला कागद

नोटीस आली. अकरा टक्के वाढ.
लिफाफ्यात सोबत एक गुळगुळीत रंगीत कागद:
वाइटोरू गावाला नवं बोधचिन्ह मिळालं आहे.
एक निळी वेलांटी, तिच्याखाली एक हिरवी.
निळी म्हणजे नदी.
हिरवी म्हणजे आम्ही, म्हणे.
खर्च एकसष्ट हजार डॉलर.

सत्तावीस वर्षं मी शाळेची बस चालवली इथे.
हिवाळ्यात मागच्या काचांवर वाफ धरायची
आणि पोरं बोटानं अशाच रेघा ओढायची,
दर सकाळी नव्या, फुकट.

पोहण्याचा तलाव तीन उन्हाळे कोरडा आहे.
पंप बिघडला. नवा नऊ हजारांना मिळतो.
तो घ्यावा का, हे सांगायला
क्राइस्टचर्चहून एक सल्लागार आला,
त्याचं बिल साडेअकरा हजार.
नाकापेक्षा मोती जड, आणि नाकही अजून चोंदलेलंच.
तलावाच्या तळाशी आता थेल्मा प्रिंगलच्या
बदकांची ये-जा असते. तेवढाच वापर.

खऱ्या बातम्या वाचनालयाच्या दारावर असतात,
टाचणीनं टोचलेल्या.
(वाचनालय आठवड्यातून तीन दिवस. दार मात्र रोज.)
निळसर कुत्रा हरवला, एक कान फाटका.
हरवलेला कुत्रा सापडला, कोंबडी भरून द्यावी.
केकचा डबा कोणाचा? झाकणावर बोट रंगवलेली आहे.
आणि एप्रिलमध्ये, साध्या पेननं:
क्लीव्ह पाराता गेला. शनिवारी अकरा वाजता.

गेलो आम्ही सगळे.
गवत कसं छान बसलेलं होतं दफनभूमीत,
कडा सरळ, दगडांभोवती गोल.
आठवडाभर आधी त्यानंच कापलं होतं.

मग नोव्हेंबर आला. गवत गुडघ्याला लागलं,
मग नावांना,
मग माझ्या आईचं फक्त आडनाव उरलं वर.

मंगळवारची सभा. विषय क्रमांक नऊ, शीर्षक: खर्चात वाढ.
दफनभूमीचं गवत, ठेकेदारामार्फत,
वर्षाला अठरा हजार चारशे.

मी आले होते वेलांट्यांवर बोलायला.
रहिवाशाला तीन मिनिटं मिळतात.
आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं होतं भाषण,
बेव्हन स्कर्फील्डला कुठे टोचायचं तेही ठरलेलं.
आज नगराध्यक्ष आहे तो;
माझ्या बसमध्ये तिसऱ्या वळणाला नेमानं ओकायचा.

पण उभी राहिले आणि हातातला रंगीत कागद उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूवर गुणाकार मांडला.
एकोणीस वर्षं. स्वतःचं यंत्र. पेट्रोल स्वतःचं.
हातचे धरायला मला वेळ लागतो.
सभागृह थांबलं होतं,
कोणीतरी खोकलं.

तीन लाख एकोणपन्नास हजार सहाशे, मी म्हणाले.
हे तुमच्या कुठल्या वहीत आहे?

बेव्हननं घंटी वाजवली. वेळ संपली होती.
नियम तो नियम.

ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर.
माझी तक्रार नाही, कापणाऱ्यालाही पोट आहे.
पण इतिवृत्त मागवून वाचलं मी.
त्यात क्लीव्ह नाही, आकडा नाही. एकच ओळ:
‘एका रहिवाशाने गवताविषयी मत मांडले.’

मत!

घरपट्टी भरली, शेवटच्या तारखेला, शेवटच्या तासाला,
तेवढा हक्क आहे मला.

परवा दफनभूमीच्या फाटकावर
नवी पाटी लागली, पहिलीच.
निळी वेलांटी म्हणजे नदी.
हिरवी म्हणजे आम्ही.
क्लीव्ह असता
तर जाता जाता कापून टाकली असती.