अधिराज, साडेअकराला ये

नदीपलीकडं पाऊल टाकलंस
की राक्षस संपले, माणसं सुरू.
राक्षस बिचारे ठरल्या जागी उभे राहतात,
ठरल्या वेळी तोंड उघडतात.
माणूस झुडपात बसून शेंगदाणे खात
तुझी वाट बघत असतो.

म्हणून आधी ती सोनेरी तलवार पेटीत ठेव.
हो, तीच, जिच्यापायी दिवाळीची अख्खी सुट्टी घालवलीस.
गेलं तर रडू येणार नाही
तेवढंच अंगावर घालून निघायचं.
माझे पप्पा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
एकतीस वर्षं गोणी वाहतायत.
टोळीत नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी
ते त्याला उचलायचं शिकवत नाहीत,
टाकायचं शिकवतात.
पाय घसरला की गोणी सोड, म्हणतात,
कांदे परत भरता येतात, मणका नाही.

औषधाची बाटली एकच्या बटणावर.
ढाल दोनवर. पळायचा मंतर अंगठ्याखाली.
डोळे मिटून सापडलं पाहिजे,
लाइट गेल्यावर घरात
मेणबत्ती सापडते तसं.
(तुमच्याकडं नाही सापडत, माहीत आहे.
काकू वरती मागायला येतात.)

आणि मारायची घाई नको.
समोरच्यानं मोठा वार काढला
की पुढं आठ सेकंद त्याचा हात रिकामा.
आठ सेकंद म्हणजे पुष्कळ झाले.
मोज. मोठ्यानं मोज,
लाज वाटत असेल तर ओठातल्या ओठात.
तो पळाला तर पळू दे.
पळणाऱ्याच्या मागं जो धावतो
त्याला वळणावर त्याचे दोन भाऊ भेटतात.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
माझी पहिली लढाई नऊ सेकंद चालली.
कोपरखैरण्याच्या याच घरात,
पोटमाळ्यावर, मान वाकडी करून बसलेली मी
मेले,
आणि हात असे थरथरले
की माऊस शिडीच्या प्रत्येक पायरीला सांगत खाली गेला.
पहाटेचे तीन. खाली पप्पा चहा टाकत होते.
काय गं?
म्हटलं, मारलं मला एकानं.
कुठला?
माहीत नाही. नाव काळभैरव सत्त्याऐंशी.
त्यांनी चहा गाळला. गाळणं दोनदा आपटलं.
परत भेटला तर ओळखशील कसा?

तेव्हा कळलं,
मी त्याच्याकडं बघितलंच नव्हतं.
माझ्याच लाल पट्टीकडं बघत बसले होते,
ती कशी संपते ते.

तर समोर बघ.
तो कुठल्या अंगानं फिरतो, आधी काय वापरतो,
घाबरला की उगाच उड्या मारतो का.
घाबरतात रे. सगळेच घाबरतात.
काळभैरवसुद्धा उड्या मारायचा.
चौथ्या भेटीत मी त्याला हवेतच गाठला.
पाचव्या भेटीत त्यानं परत मला.

हरलास तर शिवी लिहायची नाही.
'मस्त' लिहायचं.
ते जास्त लागतं.

आज साडेअकराला, लाकडी पुलाच्या अलीकडं,
मी तुला मारणार आहे.
पाच-सहा वेळा तरी. सातव्या वेळचं बघू.
मुद्दाम हरणार नाही,
तसली माया मला जमत नाही.
जुनं चिलखत घाल, पाणी पिऊन बस,
हात थरथरले तर थरथरू देत,
फक्त ते कीबोर्डवर असू देत.
आणि मेलास की ओरडू नकोस.
तुझं छत म्हणजे आमची फरशी,
आणि पप्पांना तीनला उठायचंय.