फरामिल

आमच्या शाळेत शिक्षा म्हणजे एज्युकेशन.
हिंदीच्या बाई फळ्यावर लिहितात, शिक्षा सबका अधिकार है,
आणि मागच्या बाकावर मला एकटीलाच हसू येतं.
कारण घरी, शारजातल्या चौथ्या मजल्यावर,
शिक्षा म्हणजे शिक्षाच.

संध्याकाळी अब्बांच्या टायपिंग सेंटरमध्ये बसते मी
झेरॉक्स मशीनच्या उबेला, निबंध लिहीत.
विषय: न्याय. शब्दमर्यादा: अडीचशे.
काचेवर रंगवलंय व्हिसा, करार, अर्ज,
आतून वाचलं की सगळं उलटं.

गंगाराजम आला तेव्हा मी दुसऱ्या परिच्छेदात होते.
तांदळाच्या रिकाम्या पिशवीत त्याच्या भावाचे कागद.
भाऊ पाण्याचा टँकर चालवायचा.
टँकरखाली सायकल आली, सायकलवर सिल्हेटचा मिझान,
वय चोवीस, हँडलला डबा.
डब्याचं कागदात कुठेच नाही.
ते गंगाराजमने सांगितलं. दोनदा सांगितलं.

भाऊ आता आत आहे.
दियाचे पैसे भरले की सुटेल.
अब्बांनी रक्कम आधी आकड्यात लिहिली, मग अक्षरात.
अक्षरात ती फार लांब झाली,
ओळ संपली तरी संपेना.

"ब्रेक लागत नव्हते," गंगाराजम म्हणाला
त्या हिंदीत, जी इथे कुणाचीच नाही म्हणून सगळ्यांना पुरते.
"तीनदा सांगितलं होतं फोरमनला.
तो म्हणाला, चल चल, पाणी थांबत नाही."

अब्बांची बोटं थांबली.
मी विचारलं, ब्रेकला अरबीत काय म्हणतात?
"फरामिल," अब्बा म्हणाले,
"आणि ते अर्जात लिहायचं नसतं.
माफीच्या अर्जात फक्त माफी मागायची."

मीझान म्हणजे तराजू.
बाणकोटला मामूंच्या दुकानात होता एक,
डाव्या पारड्याखाली चिंच चिकटवलेला.
सगळ्या गावाला ठाऊक होतं,
सगळं गाव तिथूनच साखर न्यायचं.
मी निबंधात लिहिलं: तराजूच टँकरखाली आला.
छान वाटलं वाक्य.
मग त्याचा डबा आठवला, लाज वाटली,
खोडलं.

परवा आयडी कार्ड विसरले म्हणून
दहा मिनिटं मैदानात उभं केलं होतं मला.
तेवढ्यात सगळं जग अन्यायी वाटलं होतं,
पाणीसुद्धा मनात कुणाला देणार नाही असं ठरवलं होतं.
मैदानाच्या कुंपणापलीकडे माणसं फरशा उचलत होती.
त्यातल्या एकाने माझ्याकडे पाहून मान हलवली,
मलाच बिचारी म्हणाला असावा.

मिझानचा बाप फोनवर म्हणालाय, माफ केलं.
त्याच्या भावकीने म्हटलंय, असं कसं केलं,
घरात लग्नाची पोर आहे.
त्यांचंही खोटं नाही.
गंगाराजमने दोन म्हशी विकल्यात, तिसरी गाभण आहे.
त्याचंही.
गणित असतं तर मी उत्तर मागे पाहिलं असतं.
इथे मागच्या पानावर फक्त कंपनीचा शिक्का आहे,
गोल, निळा, कुठेही न पुसटलेला.

अर्ज झाला. अब्बांनी वीस दिरहम घेतले नाहीत.
त्यामुळे आमचं काय सुटलं कोण जाणे.
गंगाराजमने कागद छातीशी धरला,
त्याला वाचता येत नव्हता,
तरी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली,
ब्रेक शोधत असल्यासारखी.

निबंधाला दहापैकी सात मिळाले.
बाईंनी समासात लिहिलं, विचार अच्छे, निष्कर्ष नहीं है.

आता रोज सकाळी स्कूलबसपुढे
एखादा पाण्याचा टँकर असतोच.
पोरी मागे गाणी लावतात, मी पुढच्या सीटवर बसते.
सिग्नल जवळ आला की
त्याचे मागचे दिवे लाल होतात का बघते,
आणि होईपर्यंत
तोंडातल्या तोंडात तो एक शब्द घोकते,
जो कुठल्याच अर्जात नाही.